फुटबॉल आणि स्थानिक समाज : फिर्गज, कूड आणि तालीम

१

खेळाचा इतिहास बहुधा विजयांचा आणि विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या संघाने कोणत्या वर्षी कोणता चषक जिंकला, याची जंत्री तयार झाली की इतिहासकाराचे काम संपले, असा समज रूढ आहे. परंतु समाजशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. एका देशात घडलेला खेळ दुसऱ्या देशातील माणसांना आपला केव्हा आणि कशामुळे वाटू लागतो? फुटबॉलचे नियम इ. स. १८६३ मध्ये लंडनच्या एका मद्यगृहात बसून काही इंग्रज गृहस्थांनी ठरविले. तोच खेळ आज कोल्हापुरात पेठेच्या इभ्रतीचा विषय आहे आणि गोव्यात गावाच्या फेस्ताइतकाच गावाचा आहे. हे अंतर कसे ओलांडले गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

या प्रश्नाला दिले जाणारे नेहमीचे उत्तर असे, की राज्यकर्त्यांचे अनुकरण करण्याच्या ओढीने एतद्देशीयांनी हा खेळ उचलला. हे उत्तर अगदीच खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. अनुकरणाने खेळ येतो. तो रुजतोच असे नाही. पोलो आणि शिकार हेही राज्यकर्त्यांचेच छंद होते, पण ते गल्लीत उतरले नाहीत. फुटबॉल उतरला, कारण प्रत्येक ठिकाणी त्याला अगोदरच उभी असलेली एखादी स्थानिक संस्था आसरा द्यायला मिळाली. हे विधान तपासण्यासाठी प्रथम इंग्लंडकडे वळणे आवश्यक आहे. कारण तेथेही हा खेळ याच मार्गाने लोकांचा झाला.

२

इंग्लंडमध्ये चेंडूसाठी झुंजण्याचा लोकखेळ फार जुना. इ. स. १३१४ मध्ये लंडनच्या महापौराने, शहरात त्यामुळे होणाऱ्या गोंगाटाबद्दल, राजाच्या नावाने त्यावर बंदी घातली. त्यानंतरही अशा बंदीहुकमांची परंपरा शतकानुशतके चालू राहिली. ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागते, ती बंद पडलेली नसते, एवढे अनुमान यावरून निश्चित काढता येते. या लोकखेळाचा एक नमुना डर्बीशायर परगण्यातील ॲशबोर्न गावी अद्याप टिकून आहे. हेनमोर नावाच्या ओढ्याच्या अल्याड जन्मलेले एका बाजूस आणि पल्याड जन्मलेले दुसऱ्या बाजूस. त्यांची नावे ‘अपर्ड्स’ आणि ‘डाउनर्ड्स’, म्हणजे वरले आणि खालले. दोन गोलांमधील अंतर सुमारे तीन मैल. खेळाडूंची संख्या अमर्याद. मैदान म्हणजे सगळे गाव. वरली आळी आणि खालली आळी यांच्यातील ईर्ष्या ज्याने आपल्याकडील गावात पाहिली आहे, त्याला हा प्रकार परका वाटणार नाही.

या जुन्या खेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यात गावाची ओळख पुरेपूर होती. परंतु तो गावाबाहेर खेळता येत नव्हता. नियम तोंडी, आणि प्रत्येक गावाचे वेगळे. पुढे हा खेळ इंग्लंडच्या निवासी शाळांत शिरला, तेव्हाही हीच स्थिती कायम राहिली. चेंडू हातात धरावा की नाही, प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, याविषयी प्रत्येक शाळेचा संप्रदाय स्वतंत्र होता. केंब्रिज येथे १८४८ मध्ये समान नियम करण्याचा प्रयत्न झाला. पुढे २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि प्रमाण नियमांचा पाया घातला गेला. तथापि शेफील्ड शहराने आपली निराळी नियमावली १८७७ पर्यंत सोडली नाही. ‘असोसिएशन’ या शब्दाच्या मध्यभागातून विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘सॉकर’ हा शब्द निघाला. मराठीने मात्र तो घेतला नाही. ‘फुटबॉल’ हाच घेतला आणि त्याला पुल्लिंगी करून विभक्तिप्रत्यय लावले.

भाषेच्या अभ्यासकाला या घडामोडीत एक ओळखीची प्रक्रिया दिसेल. प्रमाणभाषा रूढ झाली म्हणजे बोली मरतात, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः प्रमाणभाषेमुळे दूरच्या दोन बोली बोलणाऱ्यांना परस्परांशी व्यवहार करता येतो, आणि त्या व्यवहारातच प्रत्येकाला आपल्या बोलीच्या वेगळेपणाची प्रथम जाणीव होते. फुटबॉलच्या बाबतीत असेच घडले. प्रमाण नियमांमुळे गावाचा खेळ नष्ट झाला खरा, पण त्याच नियमांमुळे एका गावाला दुसऱ्या गावाविरुद्ध उभे राहता आले. नियम सार्वत्रिक झाले, तेव्हाच अभिमान स्थानिक होऊ शकला. फुटबॉलच्या पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली या विरोधाभासात आहे.

३

नियम झाले, तरी खेळायला तीन गोष्टी लागतात : मोकळी जागा, मोकळा वेळ आणि अकरा माणसे एकत्र आणणारी संस्था. इंग्लंडमध्ये वेळ कायद्याने मिळाला. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविण्यात आले, आणि हळूहळू शनिवारची दुपार कामगारवर्गाची झाली. संस्था तर उभ्या होत्याच. ॲस्टन व्हिला हा संघ १८७४ मध्ये बर्मिंगहॅममधील एका वेस्लियन प्रार्थनामंदिराशी संबंधित तरुणांनी काढला. एव्हर्टनचा उगमही १८७८ मध्ये अशाच एका प्रार्थनामंदिरात झाला. त्याच वर्षी रेल्वेच्या कामगारांनी न्यूटन हीथ येथे काढलेला संघ पुढे मँचेस्टर युनायटेड या नावाने प्रसिद्धीस आला. आर्सेनल हा वूलिच येथील शस्त्रागाराच्या कामगारांचा संघ होय. ग्लासगो शहराच्या पूर्व भागातील गरीब आयरिश वस्तीतील मुलांच्या जेवणाची तरतूद व्हावी, यासाठी ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने १८८७ मध्ये सेल्टिक क्लबची स्थापना केली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ओल्ड इटोनियन्स या उमरावांच्या संघाचा अंतिम सामन्यात पराभव केला. १८८५ मध्ये वेतन घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली. आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली.

या यादीचा अर्थ स्पष्ट आहे. फुटबॉलने समाज निर्माण केला नाही. प्रार्थनामंदिर, कारखाना, स्थलांतरितांची वस्ती यांच्या रूपाने जो समाज अस्तित्वात होता, त्याला खेळाने एक दृश्य रूप दिले. त्या समाजाच्या मर्यादाही त्याबरोबर आल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघ काढले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे डिक, कर लेडीज या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक आले. दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली. ‘आपला संघ’ या शब्दांतील ‘आपला’ कोण, हा प्रश्न त्या वेळेपासून या खेळाच्या पाठीशी लागलेला आहे.

४

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. सिमला येथे १८८८ मध्ये ड्युरँड स्पर्धा सुरू झाली आणि मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषकाची. त्याचा पहिला मानकरी वुस्टरशायर रेजिमेंटचा पहिला बटालियन संघ होता. एतद्देशीय संघांनी प्रथम पकड घेतली ती कलकत्त्यात. २९ जुलै १९११ रोजी मोहनबागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २ विरुद्ध १ गोलांनी हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि त्या अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी खेळले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. राष्ट्रीय जागृतीच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे. परंतु स्थानिक समाजाच्या दृष्टीने १९२० मध्ये झालेली ईस्ट बेंगॉल क्लबची स्थापना अधिक बोलकी आहे. प्रतिस्पर्धी आता गोरा सोल्जर राहिला नव्हता. पूर्व बंगालातून आलेला ‘बांगाल’ आणि पश्चिमेचा ‘घोटी’ यांच्यातील बोलीचा, जेवणाचा आणि चालीरीतींचा भेद मैदानावर उतरला होता. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा हा क्लब गमावलेल्या प्रदेशाची खूण बनला. या निष्ठेची काळी बाजूही विसरता येत नाही : १६ ऑगस्ट १९८० रोजी या दोन क्लबांच्या सामन्याच्या वेळी ईडन गार्डन्सवर उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक प्राणास मुकले.

मुंबईत याच काळात क्रिकेटची विभागणी धर्मानुसार झाली होती. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी सामने १९१२ पासून, आणि १९३७ पासून पंचरंगी सामने खेळले जात. १९४६ नंतर ते बंद पडले. फुटबॉलने पश्चिम भारतात सामान्यतः हा मार्ग धरला नाही. येथे त्याची विभागणी धर्माऐवजी वस्तीने केली. हा फरक कसा पडला, हे गोवा आणि कोल्हापूर या दोन उदाहरणांवरून समजते.

५

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला असे वाटणे साहजिक आहे. परंतु गोव्याची परंपरा त्याचे श्रेय १८८३ मध्ये बार्देशातील शिवोली येथे आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूला देते. खेळ शाळेत आणि चर्चच्या आवारात वाढला. कोकणीत चर्चच्या अधिकारक्षेत्राला ‘फिर्गज’ म्हणतात. हा पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’ या शब्दाचा अपभ्रंश. फिर्गज ही केवळ धार्मिक संस्था नव्हती. तिचा फेस्त गावाचा सण होता, तिचे बँडपथक गावाचे होते, आणि कालांतराने तिचा फुटबॉल संघही गावाचा झाला. जागेचा प्रश्न शेतीच्या ऋतुचक्राने सोडविला. भाताची कापणी झाली की रिकामी शेते मैदान बनत आणि पाऊस आला की पुन्हा शेते होत. गावाच्या जमिनीची सामायिक व्यवस्था पाहणाऱ्या गांवकारीची परंपरा ज्या प्रदेशात रुजलेली होती, तेथे गावाच्या नावाने अकरा जण उभे करणे ही कल्पना नवी वाटली नसावी.

हाच गाव मुंबईत गेला, तेव्हा ‘कूड’ निर्माण झाला. कोकणीत कूड म्हणजे खोली. मराठीत कूड म्हणजे काटक्यांवर शेणमाती लिंपून केलेली भिंत. संस्कृत ‘कुड्य’ शब्दाचा अर्थही भिंत असाच आहे. बोटीवर काम करणारे तारवटी, आचारी, वादक अशा गोवेकरांना मुंबईत उतरल्यावर निवारा लागे. एका गावच्या लोकांनी वर्गणी काढून धोबीतलाव, माझगाव अशा भागांत खोल्या घेतल्या. तेथे गावच्या संताची वेदी असे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होई आणि बाहेर जाताना प्रत्येकाची पेटी भिंतीशी ओळीने ठेवलेली असे. अशा कुडांची संख्या एके काळी शेकड्यांनी मोजावी लागत असे. अनोळखी शहरात गावाचे नाव टिकविणारी ही संस्था फुटबॉलचीही आश्रयदाती झाली. कूड हा संघाला खेळाडू, निधी आणि प्रेक्षक एकाच वेळी पुरवीत असे.

गोवा आणि मुंबई यांच्यातील या ये-जा करणाऱ्या जगातून मोठे खेळाडू पुढे आले. आसगावचे नेव्हिल डिसोझा मुंबईत नावारूपास आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. कोलवाळचे फोर्तुनात फ्रँको हे १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते.

गोव्यातील पुढचा टप्पा कारखानदारीचा. १९५६ मध्ये साळगावकर क्लब, पुढील दशकात सेझा गोवा आणि धेंपो असे खाणमालकांचे संघ उभे राहिले. गावातील गुणी मुलाला खेळाच्या बळावर नोकरी मिळू लागली. लोहखनिजाच्या उत्पन्नाने गोव्याचा फुटबॉल देशात अग्रभागी नेला, यात शंका नाही : साळगावकर, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या संघांनी १९९९ ते २०१३ या काळात राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळविले. परंतु आश्रयदाता एकच असला म्हणजे त्याच्या निर्णयावर सर्व अवलंबून राहते. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. त्याच वर्षी गोवा शासनाने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. २०१४ मध्ये नव्या व्यापारी धर्तीच्या लीगमध्ये एफ. सी. गोवा हा संघ आला. २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रस्तावित फेररचनेचा निषेध म्हणून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. गावोगावच्या फेस्तातील सामने मात्र चालूच राहिले. वरचा मजला बदलला, तरी पाया त्याच जागी होता.

६

कोल्हापूरचे उदाहरण यापेक्षा वेगळे आणि महाराष्ट्रातील अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. येथे चर्च नाही, खाणमालक नाही. येथे तालीम आहे. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ शिक्षण. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, हा त्याच धातूपासून आलेला शब्द. मराठीत येताना तालमीचा अर्थ आकुंचित होऊन शरीराचे शिक्षण आणि ते देण्याची जागा असा झाला. नाटकाच्या तालमीत मात्र मूळ अर्थाची छटा उरली. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला उदार राजाश्रय मिळाला आणि खासबागेचे भव्य कुस्ती-मैदान उभे राहिले. पेठापेठांतील तालमींना यामुळे बळ आले. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. पेठेचा गणपती तिचा, शिवजयंतीची मिरवणूक तिची, अडल्यानडल्याला धावून जाणारी तरुण मंडळीही तिचीच. कोल्हापुरातील काही तालमींत गणपतीप्रमाणे मोहरमचे पंजेही बसविले जातात. यावरून तालमीचे सदस्यत्व प्रथमतः पेठेत राहण्याने ठरत असे, असा निष्कर्ष काढणे अयोग्य होणार नाही.

फुटबॉल आला तो या घरात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आज फुटबॉल संघांची नावे म्हणून उच्चारली जातात. एखाद्या परक्या माणसाला ती कुस्तीच्या आखाड्यांची वाटावीत. आणि ती तशी आहेतही. गोव्यातील संघ ‘क्लब’ झाला, कोल्हापुरातील संघ मात्र तालीमच राहिला. नावातील हा भेद वरवरचा नाही. क्लबाचे सदस्यत्व घ्यावे लागते. तालमीत माणूस जन्माला येतो. कुस्तीतील झुंज एकट्याची असते, फुटबॉलमध्ये ती अकरा जणांची होते. त्यामुळे पेठेची इभ्रत एका मल्लाच्या खांद्यावरून उतरून सगळ्या गल्लीत वाटली गेली. छत्रपती घराण्याचा आश्रय लाभलेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने या ईर्ष्येला वेळापत्रक आणि नियम दिले. पावसाळा ओसरला की छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो आणि स्थानिक संघांचे सामने पाहण्यासाठी हजारो प्रेक्षक जमतात. क्रिकेटने व्यापलेल्या महाराष्ट्रात हे दृश्य अपवादात्मक आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

कोल्हापूरच्या या व्यवस्थेचे गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले आहेत. संघ कोणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळे तो कोणाला विकता येत नाही, आणि एखाद्याने हात आखडला म्हणून बंदही पडत नाही. दुसऱ्या बाजूने, पेठेचा अभिमान हेच ज्याचे भांडवल, तेथे पराभव हा पेठेचा अपमान ठरतो; प्रेक्षकांत हाणामारीचे प्रसंग घडले आहेत आणि सामने थांबविण्याची वेळ आलेली आहे. अलीकडे काही संघांनी बाहेरगावचे, इतकेच नव्हे तर आफ्रिकेतील खेळाडूही मानधन देऊन आणले. खेळाचा दर्जा त्याने वाढला. पण पेठेच्या नावाने खेळणारा पेठेचा असलाच पाहिजे का, हा वादही उभा राहिला. इंग्लंडने १८८५ मध्ये सोडविलेला प्रश्न कोल्हापुरात आज नव्या रूपाने विचारला जात आहे. तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा. म्हणून पेठेतील अर्ध्या लोकसंख्येला या अभिमानात प्रेक्षक म्हणून किती आणि खेळाडू म्हणून किती स्थान आहे, हा १९२१ चा प्रश्नही येथे सुटलेला नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की खेळाच्या प्रसाराचा इतिहास हा आश्रयदात्या संस्थांचा इतिहास आहे. ज्या गावी फिर्गज, कूड वा तालीम यांसारखी संस्था अगोदरच जिवंत होती, तेथे फुटबॉल रुजला. जेथे तो केवळ साहेबाचा छंद म्हणून आला, तेथे साहेबाबरोबर गेला. मुंबईचा रोव्हर्स चषक या दृष्टीने चिंतनीय आहे. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो प्रथमच लष्करी पथकांच्या हातून काढून घेतला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो जिंकला. इतकी थोर परंपरा असूनही एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही स्पर्धा बंद पडली. तिला कीर्ती होती, पण पेठ नव्हती.

दुसरा निष्कर्ष असा, की नियमांची एकरूपता आणि ओळखीची विविधता यांत विरोध नाही. शाहू स्टेडियमवरील पंच जे नियम लावतो, तेच नियम जगभर लागू आहेत. म्हणूनच दोन तालमींना आपला वेगळेपणा परस्परांना दाखविता येतो. तिसरा निष्कर्ष अधिक सावधपणे मांडावा लागेल. ज्या संस्थेने खेळाला आसरा दिला, तिच्या भिंती खेळाच्याही भिंती होतात. कूड हा शब्द एका भाषेत खोलीचा आणि दुसऱ्या भाषेत भिंतीचा वाचक आहे, ही गोष्ट येथे आपोआप आठवते. निवारा देणारी वस्तूच आडवीही येते.

तेव्हा फुटबॉलचे भवितव्य मोठ्या लीगच्या जमाखर्चात शोधणाऱ्यांनी गल्लीतील दप्तरेही पाहिली पाहिजेत. तालमींची वर्गणीची वहीखाती, कुडांच्या नोंदवह्या, फिर्गजांच्या फेस्तातील सामन्यांची हस्तपत्रके ही साधने वाळवी आणि स्थलांतर यांच्या तडाख्यात सापडलेली आहेत. कुडांच्या इमारती जुन्या झाल्या आहेत, आणि तालमींच्या जुन्या कार्यकर्त्यांची पिढी सरत चालली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या साधनांच्या संकलनाचे काम आत्ताच हाती घेतले, तर विजयांच्या जंत्रीपलीकडचा इतिहास लिहिता येईल. न घेतल्यास पुढील पिढीच्या हाती केवळ चषकांची यादी उरेल, आणि ते चषक कोणासाठी जिंकले गेले, हे सांगणारे कोणी उरणार नाही.